अंगण बुजवण्याआधी एकदा रस्त्यापलीकडून बघा

प्रश्न

साताऱ्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. घर १९८६ साली बांधलेलं, तीन गुंठ्यांच्या प्लॉटवरचं, बैठं. पुढे साधारण नऊशे चौरस फुटांचं अंगण. अंगणात एक आंबा, पायवाटेलगत पारिजातक आणि सासऱ्यांनी स्वतः बांधलेलं तुळशीवृंदावन. यजमान एसटीतून निवृत्त झाले आहेत. ८४ वर्षांच्या सासूबाई सोबत राहतात, मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. दोन स्थळं घरी येऊन गेली, दोन्हींकडून नकार आला. मध्यस्थ बाई म्हणाल्या, "घर बाहेरून फार जुनाट वाटतं, जरा नीटनेटकं करून घ्या." मुलाचंही तेच म्हणणं. शेजारच्या दोन बंगल्यांची नवी 'एलिव्हेशनं', म्हणजे दर्शनी बाजू, झाली आहेत. त्याच ठेकेदाराने ताईंना पावणेचार लाखांचा एकरकमी आकडा दिलाय. अंगणभर पेव्हर ब्लॉक, आंबा आणि पारिजातक काढून कडेने पाम, कोपऱ्यात कृत्रिम हिरवळ, पुढच्या भिंतीला दगडी क्लॅडिंग (दगडाच्या पातळ तुकड्यांचं आवरण), पत्र्याचं बंद फाटक, आणि वृंदावन 'मागच्या बाजूला घेऊ'. पैसे निवृत्तीच्या ठेवीतून काढायचे. हे कानावर गेल्यापासून सासूबाईंचं बोलणं कमी झालंय. यजमान म्हणतात, "तुम्ही ठरवा." ताई लिहितात, "पावसाळ्याआधी उरकून टाकावं असं वाटतं, कारण तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा स्थळं सुरू होतील. घर पाहताक्षणी चांगलं दिसावं एवढीच इच्छा आहे. माझं काही चुकतंय का?"

उत्तर

ताई, घर पाहताक्षणी चांगलं दिसावं असं वाटण्यात तुमचं काहीही चुकत नाही. आपण दारापुढे रोज रांगोळी काढतो ती तरी कशासाठी? येणाऱ्याला प्रसन्न वाटावं, आपल्यालाही वाटावं. पण तुमच्या पत्रात दोन काळज्या एकमेकींत गुंतल्या आहेत. एक मुलाच्या लग्नाची, दुसरी घराच्या रूपाची. ठेकेदाराचा आकडा दोन्हींवरचा उपाय म्हणून पुढे आला आणि त्यामुळे तो टाळणं तुम्हाला जड जातंय. म्हणून आधी या दोन गोष्टी वेगळ्या करू.

नकार देताना त्या दोन घरांनी कारण सांगितलं होतं का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. घर जुनाट दिसतं हे वाक्य मध्यस्थ बाईंचं आहे. त्यांनी ते आपुलकीनेच म्हटलं असेल, पण तो त्यांचा अंदाज आहे. नकाराची खरी कारणं सहसा कुणी तोंडावर सांगत नाही. नोकरी, शहर, पत्रिका, मुलामुलीचं एकमेकांशी न जुळलेलं बोलणं, यातलं काहीही असू शकतं. मुलगी लग्नानंतर पुण्यात राहणार असेल, तर साताऱ्याच्या अंगणातल्या फरशीचं तिच्या निर्णयात कितीसं वजन असेल? मुलाला एकदा निवांत विचारा, त्या दोघींशी त्याचं बोलणं कसं झालं होतं. हा प्रश्न ठेव मोडण्याआधी विचारायला हवा. आणि एक लक्षात घ्या, तुमच्याकडे येणारी मुलगी बारकाईने बघतच असणार. या घरातल्या म्हाताऱ्या बाई कुठे बसतात, त्यांच्याशी घरातले कसे बोलतात, सासूच्या हातात काय आहे आणि नाही. अंगण दुरुस्त करताना याचाही विचार करावा लागेल, त्याकडे पुढे येते.

आता घर. उद्या संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहा आणि मोबाइलवर फोटो काढा. एक उजेड असताना, एक दिवे लागल्यावर. रोजच्या नजरेला जे दिसेनासं झालेलं असतं ते फोटोत लगेच दिसतं. तुम्ही पत्रात ओघाओघात लिहिलेल्या गोष्टीच पाहा. फाटक गंजलंय आणि उचलून उघडावं लागतं. पायवाटेच्या शहाबादी फरश्या हलतात. पोर्चच्या खांबाला पोपडे आलेत. केबलच्या जुन्या वायरी लोंबतात. पोर्चमध्ये बंद पडलेला कूलर आणि उरलेल्या सिमेंटच्या गोण्या आहेत. चपला दाराशी विखुरलेल्या असतात. दारावरचा दिवा महिनाभर गेलेला आहे. आलेल्या माणसाच्या मनात 'जुनाट' हा शब्द या गोष्टींनी येतो. या यादीत आंबा नाही, पारिजातक नाही, वृंदावनही नाही. ठेकेदाराच्या यादीत नेमकी हीच तीन नावं काढून टाकण्यासाठी आहेत आणि तुमच्या यादीतल्या निम्म्या गोष्टींचा त्यात उल्लेखच नाही. क्लॅडिंग झालं तरी वायरी लोंबतच राहतील.

पेव्हर ब्लॉकबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न साताऱ्यापासून लातूरपर्यंत अनेकजण विचारतात. चिखल होतो, कचरा पडतो, तेव्हा एकदा फरसबंदी करून टाकली की कटकट मिटेल, असं वाटतं. अंगणात गाडी उभी राहणार असेल तेवढ्या भागात पेव्हर घालायला माझी काहीच हरकत नाही. घरच्या चारचाकीला ६० मिलिमीटरचा ब्लॉक चालतो, जड वाहन येणार असेल तर ८० चा. पण अख्खं अंगण बुजवण्याआधी दोन हिशेब करा.

पहिला पाण्याचा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमचं नऊशे चौरस फुटांचं अंगण म्हणजे सुमारे ८४ चौरस मीटर. एका रात्रीत ५० मिलिमीटर पाऊस झाला, आणि साताऱ्यात असे दिवस येतात, तर एकट्या अंगणात ४,२०० लिटर पाणी पडतं. छपरावरचं वेगळं. आज त्यातलं बरंचसं तुमच्या मुरमाड जमिनीत मुरतं. उद्या ते जाणार कुठे? उतार फाटकाकडे असेल तर रस्त्यावर, आणि उतार चुकला तर जोत्याकडे. शेजाऱ्यांनी अंगणं बुजवल्यापासून गल्लीत पाणी साठायला लागलंय, असं तुम्हीच लिहिलंय. ते त्याच हिशेबाने झालंय.

दुसरा हिशेब पायऱ्यांचा. हा बहुतेक ठिकाणी कुणी करत नाही. तुमच्या दारापुढे सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या आहेत. ठेकेदार आहे त्या जमिनीवरच कच पसरून पेव्हर बसवणार असेल, तर अंगणाची पातळी साधारण चार इंचांनी वर येईल. म्हणजे सर्वांत खालची पायरी दोन इंचांची उरेल आणि वरच्या दोन सहा इंचांच्या राहतील. पायरी चढताना पाऊल सवयीने उचललं जातं. उंची अचानक बदलली की माणूस अडखळतो, आणि ८४ व्या वर्षी अडखळणं म्हणजे खुब्याचं हाड. शिवाय जोतं चार इंचांनी बुडालं की पावसाचं पाणी भिंतीच्या तेवढं वर लागतं. भिंतीच्या तळाशी आत्ताच ओल आहे असं तुम्ही लिहिलंय. ती वाढेल. फरसबंदी करायचीच झाली तर आधी जमीन खोदून पातळी खाली घ्यायची, मग वर यायचं. हे वाक्य कोटेशनमध्ये लिहून घ्या.

माझा सल्ला असा की फाटकापासून दारापर्यंतची वाट आणि गाडीची जागा एवढंच पक्कं करा. बाकीची जमीन मोकळी राहू द्या. वाट चार फूट रुंद असावी, म्हणजे सासूबाईंचा हात धरून कुणाला सोबत चालता येईल. त्यासाठी नवी टाइल आणू नका. तुमची शहाबादी फरशी चांगली आहे. हलणाऱ्या फरश्या उचलून, खालची माती ठोकून, उतार बघून त्याच पुन्हा बसवता येतात. फुटलेल्या तेवढ्या बदलायच्या. गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा चकचकीत टाइल फोटोत छान दिसते, पण पावसात ओली झाली की घसरते. पायऱ्यांवर तर ती नकोच. एक सूचना मात्र पक्की लक्षात ठेवा. शेवाळ किंवा डाग काढायला शहाबादीवर ॲसिड टाकू देऊ नका. तो चुनखडीचा दगड आहे, ॲसिड त्याचा पृष्ठभाग खातं आणि मग तो आणखी लवकर मळतो. ताठ ब्रश, पाणी आणि थोडी ब्लीचिंग पावडर पुरते.

पायऱ्यांच्या एका बाजूला कठडा लावून घ्या, साधारण तीन फूट उंचीचा, हाताच्या मुठीत मावेल असा गोल पाइप. या खर्चात काटकसर करू नका. पुढेमागे व्हीलचेअरची गरज पडली तर उताराची जागा आत्ताच मनात धरून ठेवा. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे तुमच्या दीड फुटांच्या जोत्याला १८ फूट. फाटकापासून दारापर्यंत २५ फूट आहेत असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा वाटेच्या कडेने तो बसेल. म्हणून त्या पट्ट्यात आज झाड किंवा बांधकाम करू नका.

झाडांबद्दल मला तुमची थोडी काळजी वाटते. ठेकेदार म्हणाला, "घरच्या आवारातलं झाड आहे, त्याला परवानगी कसली?" हे खरं नाही. महाराष्ट्रातल्या नागरी भागांना १९७५ चा झाडांचं संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे आणि खासगी आवारातलं झाड तोडायलाही नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाड तुमच्या आवारातलं, त्यामुळे विचारणा तुम्हालाच होईल. मोठ्या फांद्या छाटायच्या असतील तरी आधी नगरपालिकेत विचारून घ्या.

कायदा बाजूला ठेवला तरी आंबा तोडायचं कारण मला पत्रात सापडलं नाही. "पाला पडतो आणि घर झाकलं जातं," एवढंच आहे. घर झाकलं जातंय ते खालच्या लोंबत्या फांद्यांमुळे. आंबे उतरवून झाल्यावर त्या जाणकार माणसाकडून काढून घेतल्या की रस्त्यावरून घर दिसेल आणि सावलीही राहील. एप्रिल-मेमध्ये तुमच्या पश्चिमेच्या भिंतीवर जे ऊन येतं ते आज हा आंबा अडवतोय. पाम तेवढं अडवणार नाहीत. मुळांनी जोतं उचलेल अशी भीती असेल तर आधी बघा, जवळच्या भिंतीला किंवा फरशीला खरोखर चीर गेली आहे का. नसेल तर झाडाला दोष देऊ नका. बुंध्याभोवती मात्र सिमेंट घालू देऊ नका. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायचा आदेश दिला होता. तेवढं अंतर घरच्या झाडालाही द्यायला हवं. दगड लावून आळं करा, त्यात त्याचाच वाळका पाला पसरा. पाला उचलून टाकायचा त्रास कमी होईल आणि ओलही टिकेल.

पारिजातकाचा त्रास वेगळा आहे आणि तो मी नाकारत नाही. पावसाळ्यात सुरवंट होतात, पायवाटेवर फुलांचा चिखल होतो, पायाखाली फुलं तुडवली जातात याचं सासूबाईंना वाईट वाटतं. इथे झाड हलवण्याऐवजी वाट दोन फूट बाजूला घ्या. फरश्या उचलायच्याच आहेत, तेव्हा हा बदल जवळजवळ त्याच मजुरीत होतो. झाडाखाली चार-पाच फुटांचं गोल अंगण माती चोपून, सारवून ठेवा. बहर ओसरल्यावर, थंडी संपताना हलकी छाटणी केली की झाड आटोपशीर राहतं. श्रावणापासून पुढे सकाळी तुमच्या दारात जो सडा पडतो तो पाहायला लोक दुसऱ्यांच्या अंगणात थांबतात. शेजारच्या बंगल्यांना ते विकत आणता येणार नाही, कारण असं झाड व्हायला वर्षं लागतात.

वृंदावनाबद्दल बोलताना मला जपून बोलायला हवं, कारण तो तुमच्या घरातला विषय आहे. तरीही स्पष्ट सांगते, ते मागे नेऊ नका. सासूबाई गप्प झाल्या त्या फरशीमुळे नाही. त्यांच्या यजमानांनी हाताने बांधलेली वस्तू 'मागे घेऊ' म्हणून सांगितली गेली आणि त्यांना कुणी विचारलं नाही. त्या सकाळी पाणी घालायला, संध्याकाळी दिवा लावायला तिथपर्यंत चालत येतात. हा त्यांचा दिवसातला व्यायाम आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी दोन शब्द बोलण्याची हीच वेळ. मागच्या बाजूला वृंदावन गेलं की त्यांचं पुढे येणं थांबेल. दिसण्याच्या दृष्टीनेही तुमच्या घरासमोर नजर ठरेल अशी तीच एक जागा आहे. गिलावा निघालाय तेवढा दुरुस्त करा, चुन्याचा किंवा गेरूचा हात द्या, भोवती तीन फूट फरशी घाला म्हणजे प्रदक्षिणेला पाय चिखलात जाणार नाहीत. जवळ पाठ टेकता येईल असा एक कट्टा बांधा. बसल्यावर सहज उठता यावं म्हणून उंची दीड फूट ठेवा. आणि हे सगळं ठरवायला त्यांनाच बोलवा. "आई, वृंदावन नीट करायचंय, कसं करू?" एवढं विचारा. घरात धरून राहिलेली शांतता या प्रश्नाने सुटेल असं मला वाटतं.

यजमानांचं "तुम्ही ठरवा" हेही एक उत्तरच आहे. ठेव त्यांच्या निवृत्तीची, वृंदावन त्यांच्या वडिलांचं, आग्रह त्यांच्या मुलाचा. यात कुठे बोलावं हे त्यांना सुचत नसेल. त्यांच्याकडे अख्खा निर्णय मागू नका, एखादं काम सोपवा. छपराचं पाणी कुठून उतरतं आणि ओल कुठून येते, हे शोधायला सांगा. एसटीत आयुष्य काढलेला माणूस हे काम मनापासून करेल.

आणि ते काम खरंच पहिलं आहे. ओल्या भिंतीवर दगडी क्लॅडिंग चिकटवलं तर ओल झाकली जाते, जात नाही. वर्ष-दोन वर्षांत तुकडे सुटू लागतात, आत लोणा लागतो. पोर्चच्या स्लॅबवर पाणी साठतंय का, पावसाचा पाइप फुटलाय का, छज्जाच्या खालच्या कडेला पाणी सुटायला खाच आहे का की ते भिंतीवरून ओघळतं, हे पहिल्या पावसात छत्री घेऊन उभं राहून बघावं. कारण सापडलं की निम्मा उपाय झाला. ओल गेली की साधा गिलावा आणि चांगला बाहेरचा रंग पुरतो. १९८६ च्या बैठ्या घरांचं एक साधं, नेटकं रूप असतं, त्यावर दगडाचे पातळ तुकडे लावून ते नव्या बंगल्यासारखं दिसत नाही. फिकट भिंत, गडद दार, पांढरी कड. एवढ्या दोन-तीन रंगांतच ते घर शोभेल.

रंग मात्र पावसाआधी घाईने देऊ नका. भिंत कोरडी हवी, म्हणून नवरात्र झाल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात काम घ्या. तुमच्या तुळशीच्या लग्नाच्या मुदतीत ते सहज बसतं. फाटकाचा आणि खिडक्यांचा जुना ऑइलपेंट खरवडताना काळजी घ्या. घरगुती रंगांतल्या शिशाची ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगांत शिसं जास्त असू शकतं. कोरडं घासून धूळ उडवण्यापेक्षा ओल्या पॉलिशपेपरने घासायला सांगा, खाली प्लास्टिक पसरा आणि लहान मुलांना त्या दिवशी लांब ठेवा.

फाटक नवं करायची गरज दिसत नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून बिजागऱ्या बदलून, खालची गंजलेली पट्टी कापून नवी जोडून, रेड ऑक्साइडचा गंजरोधक हात आणि रंग दिला की ते एका बोटाने उघडेल. पत्र्याचं बंद फाटक मला तुमच्या घरी अजिबात नको वाटतं. घरात दोन ज्येष्ठ आणि एक अतिज्येष्ठ माणूस, दुपारी गल्ली सामसूम. कुणी पडलं किंवा कुणी अनोळखी आत शिरलं, तर रस्त्यावरच्याला दिसायला हवं. ओळखीच्या शेजाऱ्यांची नजर ही मोठी सोबत आहे.

दिवे तीन ठिकाणी लावा. दाराच्या कुलपावर, पायऱ्यांवर, आणि फाटकावरच्या घर क्रमांकावर. पिवळसर प्रकाशाचे, २,७०० ते ३,००० केल्विनचे एलईडी घ्या, निळसर पांढऱ्या उजेडात घर दवाखान्यासारखं वाटतं. वायरमन आलेलाच असेल तर पोर्चला आकाशकंदिलासाठी एक पक्का हूक आणि स्वतंत्र पॉइंट, आणि गुढीच्या काठीसाठी कठड्याला एक कडी करून घ्या. दरवर्षी खिळे ठोकून तिथला रंग उखडतो तो उखडणार नाही. लोंबत्या वायरींतल्या वापरात नसलेल्या काढायला केबलवाल्याला सांगा, बाकीच्या पट्टीत घाला. बंद कूलर आणि गोण्या भंगारवाल्याला. दाराची पाटी नवी करा आणि तिच्यावर तुमचंही नाव घाला. घरासाठी एवढा विचार करणाऱ्या बाईचं नाव त्या घरावर असावं असं मला मनापासून वाटतं. सासूबाईंचंही घातलंत तर फारच छान.

आता हिरवळ आणि झाडं. कृत्रिम हिरवळ उन्हात एवढी तापते की अनवाणी उभं राहवत नाही, आणि ती झिजली की प्लास्टिकचे धागे तुमच्याच मातीत. खरी हिरवळ लावावी म्हणाल तर उन्हाळ्यात एका चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी हवं. २० चौरस मीटरला रोज शंभर लिटर. शहरी पाणीपुरवठ्याच्या हिशेबात माणशी १३५ लिटर धरतात, त्यावरून ठरवा. मी तरी लावणार नाही. कुंपणाला झटपट वाढतो म्हणून रोपवाटिकेत कोनोकार्पस दाखवतील, तो घेऊ नका. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याची लागवडच बंद केली.

तुमच्याकडे ऊन आहे, सकाळी फुलं वेचणारी सासू आहे. तेव्हा पूजेची बाग करा. कुंपणालगत जास्वंद, तगर आणि अनंत. फाटकाच्या खांबावर जुई किंवा मधुमालती, पण मधुमालती पसरते, तिला दरवर्षी आवर घालावा लागेल. खिडकीखाली मोगरा, म्हणजे उन्हाळ्यात रात्री वास आत येईल. मधल्या मोकळ्या जागेत पावसाळ्यात तेरडा, दसऱ्यासाठी झेंडू, थंडीत शेवंती. आंब्याच्या सावलीत अबोली आणि कर्दळ तग धरतात. नळाजवळ गवती चहा, कढीपत्ता. पिवळी कण्हेर टाळा, तिचे सगळे भाग विषारी असतात आणि उद्या घरात नातवंडं येतील. एकदम सगळं आणू नका. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की कुंपणाची झुडपं लावा, पाणी घालायचे कष्ट पाऊसच वाचवेल. कुंड्या कमी ठेवा, मोठ्या ठेवा, आणि त्यांच्याखालच्या ताटल्यांतलं पाणी आठवड्यातून एकदा ओता. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

अंगण नसलेल्या वाचकांनाही यातलं बरंचसं लागू आहे. फ्लॅटमध्ये तुमचा दर्शनी भाग म्हणजे जिन्यातला चार फुटांचा तुकडा. तिथे चपलांचं कपाट आणि सायकल ठेवून वाट अडवू नका, आग लागली तर सगळ्या मजल्याला तिथूनच पळायचं आहे. दाराची पाटी, चांगला दिवा, एक पायपुसणं आणि घरात घेतलेल्या चपला, एवढ्याने दार बदलतं. कोकणातल्या वाचकांनी जांभ्याच्या चिऱ्यावर चकचकीत ऑइलपेंट देऊ नये, आतली ओल कोंडते. आणि घर विकायचं म्हणून पुढचा भाग सजवणाऱ्यांनी आधी ओल आणि गळती काढावी. घेणारा माणूस पावसाळ्यात पुन्हा एकदा येऊन बघतो.

पैशांबद्दल. ठेवीला हात लावण्याआधी या कामांचे तीन गट करा. पावसाआधी: गळती, पावसाचा पाइप, वाटेच्या फरश्या, कठडा, वायरी आणि साफसफाई. पावसात: झाडं आणि ओलीचं निरीक्षण. नवरात्रानंतर: गिलावा, रंग, फाटक, दिवे, पाटी. पहिल्या गटानंतर पुन्हा रस्त्यापलीकडून फोटो काढा, मुलाला पाठवा आणि मग पुढचं ठरवा. मुलाने इंटरनेटवरचे फोटो पाठवले असतील तर त्याला एक शनिवार-रविवार बोलावून घ्या. फाटक घासायला, कूलर उचलायला, फरश्यांची पातळी बघायला. घरावर मत देणाऱ्याने त्यात थोडा घाम गाळला की त्याचं मत जास्त उपयोगी होतं, आणि पुढच्या वेळी पाहुण्यांना अंगण दाखवताना त्याच्याकडे सांगायलाही काही असेल.

त्या ठेकेदाराशी वाकडं घ्यायचं कारण नाही, वाट आणि गाडीची जागा तो चांगली करेल. पण एकरकमी आकडा परत करा. प्रत्येक कामाचा दर चौरस फुटावर किंवा नगावर वेगळा मागा, माल कोणता आणि किती जाडीचा ते लिहून घ्या, पायऱ्यांची आजची उंची मोजून त्याच्यासमोर भिंतीवर खूण करा आणि पाण्याचा उतार कोणत्या दिशेला, हेही कागदावर येऊ द्या. आणि वाटेच्या कामाचा शेवटचा हप्ता पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावरच द्यायचा, हे आधीच सांगून ठेवा. पाणी कुठे साठतं ते तेव्हाच कळतं.